शहर मोठं आहे

"मावशी, या शहरात बघण्यासारखं काय आहे?"

शाओ देफूनं हे विचारलं तेव्हा गेस्ट हाऊसच्या शियेमावशी गल्ल्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. साथीची मधली दोन वर्षं सोडली, तर गेली एकोणीस वर्षं हा माणूस दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडे उतरत होता. एवढ्या वर्षांत त्यानं गरम पाण्याचा थर्मास आणि जास्तीची रजई याखेरीज काही मागितलं नव्हतं.

"बरं वाटत नाहीये का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बरं आहे. सहज विचारलं. वुहान एवढं मोठं शहर. काहीतरी असेल ना?"

मावशी विचारात पडल्या. "मनोरा आहे. मी गेले नाही कधी, जिने फार आहेत. नदी आहे, पण ती तुमच्या आगगाडीतून दिसतेच." मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "माझ्या बहिणीच्या इमारतीला नवीन लिफ्ट बसवलीय. आत आरसा आहे."

शाओनं लिफ्टची नोंद करून घेतली. आजची वेळच तशी होती.

शाओ चाकं विकायचा. हॉस्पिटलातल्या खाटांना खाली चार लहान चाकं असतात, ती. शिन्यांगच्या पुढे तालुक्याच्या गावात त्यांचा चाळीस माणसांचा कारखाना होता आणि वुहानमधला खाटांचा एक मोठा कारखाना त्यांची चाकं घ्यायचा. खाट ढकलताना जे एक चाक हट्टानं भलत्याच दिशेला तोंड करून उभं राहतं ते आमचं नव्हे, असं शाओ छातीवर हात ठेवून सांगे. ऑर्डर दर तीन महिन्यांनी नवी व्हायची आणि ती आणायला शाओ जायचा. पहिल्या दिवशी जायचं, दुसऱ्या दिवशी यायचं, तिसऱ्या दिवशी अहवाल लिहायचा.

घोळ या अहवालांनीच केला होता.

कारखान्याचे म्हातारे मालक गेल्या वर्षी अंथरुणाला खिळले आणि त्यांची मुलगी हुओ थिंग शांघायहून परत येऊन खुर्चीत बसली. तिनं जुन्या फायली काढल्या. मागच्या आठवड्यात तिनं शाओला केबिनमध्ये बोलावून चहा दिला, आणि चहा दिला म्हणजे बातमी वाईट आहे हे त्याला कळलं.

"काका, हे ऐका हं," असं म्हणून ती वाचू लागली. "मार्च दोन हजार चार. 'शहर मोठं आहे. गर्दी आहे. ऑर्डर मिळाली.' जून दोन हजार चार. 'शहर मोठं आहे. गर्दी आहे. ऑर्डर मिळाली.' काका, असे पंच्याहत्तर आहेत."

"एका ठिकाणी 'उकाडा आहे' असं आहे," शाओ म्हणाला.

"हो, ते सापडलं मला."

"त्या वेळी होता."

हुओ थिंगनं फाईल मिटली. ती वाईट नव्हती. लहान असताना शाओच्या खांद्यावर बसून तिनं अख्खा कारखाना पाहिला होता आणि त्याच्या कानाला चिकट मिठाई लावली होती. "काका, तुमचे दोन दिवस जातात. तेच काम फोनवर समोरासमोर बघून चार मिनिटांत होतं. तरी या वेळी जा. पण फोनवर दिसणार नाही असं एक तरी काहीतरी बघून या, आणि लिहा. मला ते पटलं तर फेऱ्या चालू. नाहीतर एप्रिलपासून तुम्ही पॅकिंगला."

पॅकिंगच्या खोलीला खिडकी नव्हती.

आता शाओ हा मुळात चौकस माणूस. त्याची बायको म्हणायची की याला औषधाच्या बाटलीतला कागद दिला तरी हा दोन तास रमतो. गावातल्या प्रत्येक विजेच्या खांबावरचा नंबर त्याला पाठ होता. अशा माणसानं एका कोटीभर वस्तीच्या शहरात पंच्याहत्तर वेळा जाऊन तीन वाक्यं आणावीत हे नवल वाटेल, पण त्याला कारण होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

कारण असं की शाओला दारू चालत नव्हती. जठरात जुनी जखम होती. डॉक्टरनं सांगितलं होतं की एक पेला घेतलास तरी मला येऊन भेटावं लागेल, आणि मला तुला भेटायची इच्छा नाही. पण चाकं विकणारा माणूस, आणि समोर गिऱ्हाईक ज्वारीच्या दारूचा पेला घेऊन उभं. नाही म्हणणार कसं? तेव्हा पहिल्याच फेरीत त्यानं जेवणाच्या हॉटेलात वाढणाऱ्या यिनबाईंना जिन्यात गाठून हात जोडले होते. जेवणात प्रत्येकासमोर दारूचा एक काचेचा लहानसा चंबू असतो. शाओच्या चंबूत तेव्हापासून उकळून गार केलेलं पाणी असायचं. दोन्ही सारखीच दिसतात. दर नववर्षाला शाओ यिनबाईंना गावाकडचा चहा आणून द्यायचा.

पण पाणी पिऊन भागत नाही, ते चढावंही लागतं. पाचव्या पेल्याला कान लाल करायचे (हे तो श्वास रोखून करी), नवव्याला गाणं म्हणायचं, बाराव्याला कोणाच्या तरी गळ्यात पडायचं. मग आठ वाजता खरेदी विभागाचे प्रमुख फांगसाहेब त्याला टॅक्सीत घालत आणि ड्रायव्हरला बजावत, "थेट गेस्ट हाऊस. वाटेत उतरू देऊ नका." शियेमावशी खाटेशी आल्याचं पाणी आणि एक घमेलं ठेवून बाहेरून कडी लावत. गाडी पोचायची चारला आणि जेवण साडेपाचला, त्यामुळे आधी वेळ नसे. सकाळी लवकर उठून हिंडावं म्हटलं, तर तेही शक्य नव्हतं. रात्री पाजलेला पाहुणा पहाटे टुणटुणीत होऊन रस्त्यावर दिसला, तर यजमानानं हात आखडता घेतला असा त्याचा अर्थ होतो. म्हणून शाओ अकरापर्यंत डोकं धरून पडून राही. खोलीची खिडकी भाजीच्या गोदामाच्या भिंतीकडे उघडायची. त्या भिंतीत एकशे बारा आडव्या विटा होत्या. अकराला फांगसाहेबांची गाडी येई आणि त्याला वुछांग स्टेशनवर सोडी.

शहर मोठं आहे, गर्दी आहे. टॅक्सीच्या काचेतून एवढंच दिसायचं.

आणि आजचं जेवण तर नेहमीचं नव्हतं. आज फांगसाहेब निवृत्त होत होते.

*

जेवण साडेपाचला, नेहमीच्याच हॉटेलात, नेहमीच्याच आठ नंबरच्या खोलीत. गोल टेबल, वर फिरती काच, खाली जमिनीपर्यंत लोंबणारा पिवळा टेबलक्लॉथ. दारासमोरच्या मानाच्या खुर्चीत फांगसाहेब, त्यांच्या उजव्या हाताला शाओ, पुढे खरेदी विभागातले चौघे, आणि दाराला पाठ करून उद्यापासून त्यांच्या जागेवर बसणारा लुओ. लुओ एकतीस वर्षांचा होता. तो सगळ्यांशी फार गोड बोलायचा आणि बोलताना फोनमध्ये बघायचा.

"शाओकाका, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," फोनकडे बघत तो म्हणाला.

"काय ऐकलंय?"

"की तुम्ही नवव्या पेल्याला गाता."

कमळकाकडी आणि बरगड्यांचं सूप आलं. मग मासा आला, आणि त्याचं तोंड फांगसाहेबांकडे येईल अशा बेतानं यिनबाईंनी काच फिरवली. त्यांनी शाओसमोर त्याचा चंबू ठेवला, फांगसाहेबांसमोर त्यांचा ठेवला, आणि कोरडा चेहरा करून त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

भाषणं झाली. फांगसाहेबांनी एकतीस वर्षांत किती खाटा केल्या याचा आकडा एकानं सांगितला. दुसऱ्यानं त्या खाटा एकापुढे एक ठेवल्या तर कुठपर्यंत जातील ते सांगितलं. त्या शिन्यांगपर्यंत जात होत्या. शाओला बरं वाटलं. मग तो उठला, दोन्ही हातांत पेला धरला आणि म्हणाला, "फांगसाहेब, तुमच्यामुळे आमची चाकं फिरली."

फांगही उठले. आता पेले भिडवताना लहान माणसानं आपल्या पेल्याची कड मोठ्याच्या कडेपेक्षा खाली धरायची असते. यात नवीन काही नाही, पोरंसुद्धा सरबत पिताना पाळतात. शाओ छप्पन्नचा, फांग साठचे. शाओ विकणारा, फांग घेणारे. शाओनं पेला बोटभर खाली नेला.

फांगांनी आपला दोन बोटं खाली नेला.

"साहेब, हे काय?"

"आजपासून मी साहेब नाही. तुम्ही लांबून आलेले पाहुणे आहात."

"ऑफिस उद्या सकाळी उघडेपर्यंत तुम्ही साहेबच," असं म्हणून शाओनं पेला टेबलाच्या कडेपर्यंत आणला.

फांगांनी कडेच्या खाली आणला. शाओ कमरेत वाकला. फांग गुडघ्यात वाकले. टेबलावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कारण दोघांनाही उत्तम चढलीय असा त्यांचा समज झाला. शाओनं एक गुडघा टेकला. फांगांनी दोन्ही टेकले. खुर्च्या आड येऊ लागल्या तसे दोघेही, पेल्यातला थेंब न सांडता, सरकत सरकत टेबलाखाली गेले आणि पिवळा पडदा त्यांच्यामागे खाली पडला.

आत अंधूक, पिवळा उजेड होता. सगळ्यांचे बूट दिसत होते. लुओच्या मोज्यांवर बदकं होती.

दोघांचे पेले गालिच्याला टेकले. त्याच्या खाली जायला जागा नव्हती.

"आता?" फांगांनी विचारलं.

"आता खणावं लागेल," शाओ म्हणाला.

फांग हसले. दोघांनी पेले उचलले आणि एका दमात रिकामे केले. टेबलाखाली हवा कोंडलेली होती. दोन माणसांची तोंडं वीतभर अंतरावर. शाओनं श्वास घेतला, मग पुन्हा घेतला. चौकस माणूस, त्याच्यानं राहवेना.

"साहेब, तुमच्या दारूला वास येत नाही."

फांगांनी नाक पुढे केलं. "तुमच्याही दारूला येत नाही."

वर कोणीतरी काच फिरवली. भांडी किणकिणली.

"माझ्या जठरात जखम आहे," शाओ हळूच म्हणाला. "पहिल्या दिवसापासून पाणीच आहे. यिनबाईंना माहितीये. माफ करा."

"माझं यकृत," फांग म्हणाले. "दोन हजार दोनपासून. यिनबाईंनाच माहितीये. मी त्यांना दर वर्षी संत्र्यांची पेटी देतो."

"मी चहा देतो."

दोघांनी पडद्याच्या फटीतून भिंतीशी असलेल्या यिनबाईंच्या काळ्या बुटांकडे पाहिलं. बूट अगदी शांत उभे होते.

"म्हणजे एकोणीस वर्षं," शाओ म्हणाला, "आपण दोघं इथं बसून पाणी पीत होतो?"

"आणि झिंगत होतो."

"मग त्या वर्षी तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलात, तुमची आई गेली तेव्हा?"

"तुम्हाला चढली होती असं वाटलं. म्हटलं, सकाळी याला आठवणार नाही." फांगांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "आणि तुम्ही मला मिठी मारून म्हणालात, तू माझा सख्खा भाऊ आहेस. दोन-तीनदा म्हणालात. ते?"

शाओनं बदकांकडे पाहिलं. "ते शुद्धीतच म्हणालो मग."

फांगांनी चष्मा पुन्हा पुसला.

"एक विचारू?" शाओ म्हणाला. "तुम्हाला चढली नव्हती, तर मला दर वेळी आठ वाजता टॅक्सीत कशाला घालायचात?"

"अरे बाबा, तू दोन पायांवर उभा राहत नव्हतास. मला काळजी वाटायची. खरं तर मला वाटायचं याला जरा फिरवावं, नदीवर न्यावं. पण तू असा लोळागोळा. आणि मी स्वतः झिंगलेला. नेणार कसा?"

पहिल्यांदाच फांगांनी त्याला अरे-तुरे केलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

तेवढ्यात वरून लुओचा आवाज आला. तो फोनवर होता आणि पलीकडून हुओ थिंगचा आवाज टेबलावर पसरत होता.

"हो मॅडम, दिसतंय मला. तेच माप, तेच रबर. चार हजार नग. हो, मीच बघतो उद्यापासून, म्हटलं आजच करून टाकू. दर तिमाहीला असंच करत जाऊ ना."

"शाओकाका आहेत का तिथं?" हुओ थिंगनं विचारलं.

"आहेत ना. टेबलाखाली आहेत."

"का?"

"पेला खाली धरतायत."

मग ती म्हणाली, "बरं. त्यांना धरू द्या." आणि फोन बंद झाला.

शाओनं गालिच्यावर हात फिरवला. गालिच्यावर कमळाची नक्षी होती, आणि पंच्याहत्तर वेळा वर बसून त्याला ती दिसली नव्हती.

"काय झालं?" फांगांनी विचारलं.

"माझ्या फेऱ्या संपल्या." आणि मग त्यानं अहवालांची, हुओ थिंगच्या अटीची आणि पॅकिंगच्या खोलीची सगळी हकिगत सांगितली. टेबलाखाली वेळ बराच होता. वरच्या लोकांनी आता त्यांना हाका मारणंही सोडून दिलं होतं.

फांगांनी ऐकून घेतलं. खरेदी विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसासारखा त्यांनी हिशेबी विचार केला. "तुझी गाडी उद्या बाराला ना? मी सात वाजता येतो. डोकं धरून पडून राहू नकोस."

दोघे बाहेर आले तेव्हा मंडळींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लुओनं फोटो काढला. "शाओकाका, आनंदाची बातमी," तो म्हणाला. "मॅडमशी बोललो, ऑर्डर झाली. आता तुम्हाला एवढ्या लांब यायचा त्रास नाही."

"उपकार झाले," शाओ म्हणाला, आणि त्यानं लुओच्या पेल्याला पेला भिडवला. सवयीनं खाली धरला.

यिनबाईंनी चंबू उचलताना दोघांकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही कधी बोलला नाहीत," फांग म्हणाले.

"कोणी विचारलंच नाही," यिनबाई म्हणाल्या. "आणि मला दोघांचं गाणं आवडायचं."

*

सकाळी सात वाजता शियेमावशींनी कडी काढली तर शाओ बूट घालून, बॅग घेऊन दारात उभा. त्यांनी घमेल्यात पाहिलं. घमेलं कोरडं होतं.

"काल पाजली नाही वाटतं," त्या नापसंतीनं म्हणाल्या.

फांग पायीच आले. ऑफिसचा काळा कोट नव्हता. बायकोनं विणलेला, एक बाही थोडी लांब असलेला स्वेटर होता. त्यांनी शाओला कोपऱ्यावरच्या हातगाडीपाशी नेलं आणि तिळाच्या दाट वाटणात घोळलेल्या शेवयांचे दोन कागदी वाडगे घेतले. शाओ बसायला जागा शोधू लागला.

"बसतोस कुठं? चालत खा."

"सांडेल."

"सांडेल तर सांडेल. इथं बसून खाणारा एक तर आजारी असतो, नाही तर तुमच्या हेनानचा."

शाओ चालत चालत खाऊ लागला. समोरून येणारे लोकही चालत खात होते. एक बाई स्कूटर चालवत खात होती. एक गृहस्थ फोनवर कोणालातरी रागावत खात होते आणि राग आणि शेवया यांचा क्रम अजिबात चुकवत नव्हते. शाओच्या हनुवटीला वाटण लागलं. तो विचारत सुटला. या झाडांवर रजया कशाला वाळत घातल्यात? बदकाच्या माना एवढ्या विकतात, तर बाकीचं बदक जातं कुठं? या बायका सकाळी सकाळी एकमेकींना शिव्या का देतायत?

"भांडत नाहीयेत, गप्पा मारतायत," फांग म्हणाले. "बदकाचं मला माहीत नाही."

मग ते होडीच्या धक्क्यावर आले. होडी म्हणजे लोखंडी दुमजली बोट, वुछांगच्या काठावरून हानखौच्या काठावर जाणारी. खाली स्कूटरवाले, वर पायी जाणारे. पण शाओला खालीच उभं राहायचं होतं, पाणी जवळून दिसतं म्हणून. यांगत्झे तांबूस, रुंद, घाई नसलेली. मालाची एक होडी पुढून गेली, तिच्यावर दोरीला कपडे आणि एक कुत्रा.

"ही नदी इथं किती खोल असेल?" शाओनं विचारलं.

"साठ मीटर," फांग अधिकारानं म्हणाले.

"वीस," शेजारची स्कूटरवाली बाई म्हणाली.

"आणि ते गच्चीवर घड्याळ असलेलं?"

"जुनी बँक."

"कस्टमचं ऑफिस," बाई म्हणाली. तिनं फांगांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शाओला विचारलं, "हे तुमचे दादा कुठले?"

"इथलेच. साठ वर्षं."

"वाटत नाही," बाई म्हणाली आणि हेल्मेट घालून बसली.

फांग कठड्याला टेकले. "खोटं नाही बोलली ती," मग म्हणाले. "घर, कारखाना, आठ नंबरची खोली. संध्याकाळी पाहुणे असायचे. आज शिन्यांगचे, उद्या शांडोंगचे. सगळ्यांसमोर झिंगायचं आणि घरी जायचं. बायको विचारते, आता दिवसभर काय करणार? मी म्हटलं, बघू."

शाओचा फोन वाजला. हुओ थिंगचा निरोप होता. 'काका, ऑर्डर कालच झाली. अहवाल लिहायची गरज नाही. बाराच्या गाडीनं या, उद्या ट्रक भरायचाय.' खाली तिनं एक हसरा चेहरा टाकला होता. मग एक मिनिटानं आणखी एक ओळ आली. 'पाय जपा. काल टेबलाखाली होतात म्हणे.'

"काय म्हणतात?" फांगांनी विचारलं.

"अहवाल नको म्हणतात."

होडी धक्क्याला लागली. स्कूटर एकदम भुर्रकन बाहेर पडल्या. नऊ वाजून गेले होते.

"परतीची होडी लगेच आहे," फांग म्हणाले. "तुला गाडी आहे. की जरा या काठावर बघायचं?"

"या बाजूला काय आहे?"

"माहीत नाही."

"मग बघू या," शाओ म्हणाला.

ते काठाकाठानं चालत गेले. नववर्षाला तीन आठवडे होते, आणि बांधाच्या उन्हात माणसांनी जे जे वाळत घालता येईल ते घातलं होतं. सॉसेजच्या माळा होत्या, बदकं होती (बिनमानेची, शाओला उत्तर मिळालं), मिठाचे मासे होते, आणि मधूनच कोणाची तरी विजार. एका म्हाताऱ्या बाईंची बांबूची तिकाटी मोडली होती आणि मासे टांगलेली लांब काठी एका बाजूनं जमिनीकडे निघाली होती. बाई काठीखाली खांदा देऊन उभ्या होत्या.

"उभे राहून बघताय काय," त्या म्हणाल्या. "धरा."

शाओनं बॅग खाली ठेवली आणि एक टोक धरलं. फांगांनी दुसरं धरलं.

"मी वरून दोरी घेऊन येते. दोन मिनिटं. मांजर आलं तर लाथ घाला. एकही मासा जमिनीला लागता कामा नये."

"काळजी करू नका, आजी," फांग म्हणाले. त्या वयानं त्यांच्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील, पण त्यांचा सूरच आजीचा होता.

आजी बांधाच्या पायऱ्या चढून, रस्ता ओलांडून एका इमारतीत शिरल्या. दोन मिनिटं झाली, दहा झाली. पाचव्या मजल्यावर एक खिडकी उघडली, त्यातून त्यांनी खाली पाहिलं, मासे जागेवर आहेत याची खात्री केली आणि खिडकी लावून घेतली. थोड्या वेळानं तिथून फोडणीचा वास येऊ लागला.

"स्वयंपाक करतायत त्या," शाओ म्हणाला.

"दिसतंय खरं."

"ठेवून जावं का?"

"शब्द दिलाय."

शाओनं मासे मोजले. तेवीस होते. प्रत्येकाच्या पोटात आडवी काडी खोचून ते उघडं ठेवलं होतं, उन्हात आरपार तांबूस दिसत होतं. मधूनमधून मांजरं आली, तेव्हा फांगांनी त्यांना ऑफिसच्या आवाजात परत पाठवलं. एक गृहस्थ थांबले, मासे कसे दिले म्हणून विचारू लागले, आणि विकायचे नाहीत म्हटल्यावर मग उभे कशाला आहात म्हणून चिडून निघून गेले. दोघांनी खांदे बदलले. फांगांनी त्यांच्या आईबद्दल सांगितलं, त्या वर्षी रडताना सांगायचं राहिलं होतं ते. शाओनं विजेच्या खांबांबद्दल सांगितलं. उन्हात पाठ तापली. होड्या गेल्या आणि आल्या. साडेदहा वाजले, मग अकरा. परतीच्या होडीचा भोंगा झाला, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काठी जरा घट्ट धरली.

शाओनं एका हातानं फोन काढला आणि अंगठ्यानं लिहिलं, 'गाडी चुकेल. मासे धरले आहेत.'

उत्तर लगेच आलं. 'कुठले मासे?'

त्याला हा प्रश्न रास्त वाटला. त्यानं फांगांना विचारलं. फांग म्हणाले, कार्प. मग वाटेवरून जाणाऱ्या एका बाईला विचारून त्यानं खात्री करून घेतली, कारण फांगांवर आता त्याचा भरवसा नव्हता. बाई म्हणाली की हे गवत खाणारे कार्प आहेत, तेही चांगले मोठे, आणि मीठ थोडं जास्त झालंय. शाओनं हे सगळं लिहून पाठवलं. निरोप आजवरच्या कुठल्याही अहवालापेक्षा लांब झाला.

सव्वाबाराच्या सुमाराला नदीच्या वरच्या अंगाच्या जुन्या दुमजली पुलावर गडगडाट झाला. वुछांगहून सुटलेली हिरवी गाडी पुलावर आली आणि खालच्या मजल्यानं, लोखंडी सांगाड्याच्या आडून, संथपणे पलीकडे जाऊ लागली. तिच्यात अकराव्या डब्यात, खिडकीपासून तिसरी, एक जागा रिकामी होती. या पुलावरून शाओ एकशे एक्कावन्न वेळा गेला होता. गाडी बाहेरून कशी दिसते हे त्यानं आज पाहिलं.

"किती डबे असतील?" फांगांनी विचारलं.

शाओनं काठी खांद्यावर नीट घेतली आणि ओठ हलवत मोजायला सुरुवात केली. शेवटचा डबा पुलावरून जाऊन गडगडाट विरेपर्यंत त्यानं मान वळवली नाही.

"अठरा," तो म्हणाला.